पाठीला टेकली

ही गोष्ट खरी आहे.

आधीच सांगून टाकते, यात रात्र नाही. दिवे जात नाहीत, वारा सुटत नाही, दार करकरत नाही. जे झालं ते लख्ख उजेडात झालं. मंगळवारी. दुपारी सव्वाचार वाजता. खिडकीतून ऊन आत आलं होतं आणि खाली कुणीतरी पाइप लावून गाडी धूत होतं. त्या पाण्याचा आवाज मला अजून आठवतो.

पटलं तर वाचा. नाही पटलं तर तुम्ही नशीबवान आहात.

झालं ते माझ्या धाकट्या आत्याच्या बाबतीत. शेवटचं थोडंसं माझ्या.

मला दोन आत्या. मोठी टेलिफोन ऑपरेटर होती. धाकटी चष्म्याच्या दुकानात, मागच्या खोलीत बसून काचा घासते आणि फ्रेममध्ये बसवते. दोघींनी लग्न केलं नाही. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचं घर, त्यात दोघी. मोठी बोलायची, धाकटी ऐकायची. माझे वडील म्हणायचे, एकीने दोघींच्या वाटचं बोलून टाकलं, दुसरीला काही शिल्लकच ठेवलं नाही.

मग मोठीला पक्षाघाताचा झटका आला. डावी बाजू गेली. वाचाही गेली. दिवसाला तीनशे माणसांशी बोलणाऱ्या बाईकडे उजव्या हाताची बोटं तेवढी राहिली.

व्यायाम शिकवायला एक बाई यायच्या. त्यांनी धाकटीला एक गोष्ट शिकवली. पेशंटला रोज अर्धा तास सरळ बसवायचं, नाहीतर छाती भरते. एकटं बसवत नसेल तर आपण पलंगावर त्यांच्याकडे पाठ करून बसायचं, आणि त्यांची पाठ आपल्या पाठीला टेकू द्यायची.

पाठीला पाठ.

खिडकीजवळ, रोज सव्वाचारला. दुकानातून आल्या आल्या. मोठीचं सगळं वजन डावीकडे कलायचं, त्यामुळे धाकटीचा डावा खांदा कायम दुखायचा. धाकटी मांडीवर ट्रे घेऊन दुकानातल्या चष्म्यांचे स्क्रू आवळत बसायची. मोठी खिडकीबाहेर बघायची. दमली की भिंतीवर बोटाच्या पेराने दोनदा वाजवायची.

टक... टक.

म्हणजे पुरे. आता आडवं कर.

त्याचीही पद्धत होती. न वळता दोन्ही हात मागे न्यायचे, तिचे खांदे धरायचे, उशा ओढून घ्यायच्या, आणि मगच हळूहळू वळायचं. त्या बाईंनी बजावून सांगितलं होतं, आधी उशा, मग वळणं. उशा हाताशी नसतील तर वळायचंच नाही. मागच्या मागे पडतील.

असं सहा वर्षं चाललं. मग एका दुपारी मोठी गेली. झोपेत गेली, एवढंच धाकटीने सगळ्यांना सांगितलं.

तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. भेटायला आलेल्या प्रत्येकाला तिने चहा केला. कप विसळले, पुसले, जागच्या जागी ठेवले. लोक जिन्यात कुजबुजले. शेजारीण म्हणाली, सुटली बिचारी. कोण सुटली ते काही तिने सांगितलं नाही.

मला आत्या एकदाच म्हणाली, "मला काही होतच नाहीये गं. वाईटसुद्धा वाटत नाहीये."

इस्त्रीने तिचं बोट भाजलं तेव्हा तिला ते वासावरून कळलं. चहात साखर नाही हे कप संपल्यावर कळायचं. पलंग भाड्याचा होता, तो परत गेला. खिडकीजवळची जागा रिकामी झाली. फरशीवर पलंगाच्या पायांचे चार गोल डाग तेवढे राहिले. ती जागा तिने तशीच ठेवली, तिथे साधी खुर्चीही मांडली नाही.

सात महिने असे गेले. मग कप्तान आल्या.

त्यांचं खरं नाव कुणी घेत नाही. सोडून दिलेल्या, मारहाण झालेल्या कुत्र्यांना सोडवणारी एक संस्था आहे, ती त्या चालवतात. माणसांशी भांडायचं आणि कुत्र्यांशी गोड बोलायचं, असा त्यांचा खाक्या. पिल्लाने चावलेला चष्मा घेऊन त्या दुकानात आल्या, आणि तो नीट होईपर्यंत त्यांनी आत्याची सगळी माहिती काढून घेतली. घरी कोण, दुपारी मोकळी असता का, जिना किती पायऱ्यांचा. चष्मा घालून निघताना म्हणाल्या, तुम्ही कुत्रं सांभाळाल. विचारलं नाहीच, सांगितलं.

याला फॉस्टर म्हणतात. कुत्र्याला कायमचं घर मिळेपर्यंत काही आठवडे आपल्या घरी ठेवायचं, त्याला माणसांची सवय लावायची आणि मग देऊन टाकायचं. नाव ठेवायचं नाही, नाव नवीन घरचे ठेवतात. तोवर नंबर. रोज वहीत लिहायचं, काय खाल्लं, कशाला घाबरलं, कुठे झोपलं.

आणि एक नियम कप्तान सगळ्यांना पहिल्या दिवशी सांगतात. भेदरलेल्या कुत्र्याकडे बघायचं नाही. हात लावायचा नाही, बोलवायचं नाही. रोज ठरावीक वेळी जमिनीवर त्याच्याकडे पाठ करून बसायचं. वाट बघायची. एक दिवस ते आपणहून येतं आणि पाठीला टेकतं. तरी वळायचं नाही. ते उठून गेलं की दहा आकडे मोजायचे आणि मग वळायचं.

आत्याने हे ऐकून घेतलं. तिच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. पण कुठली वेळ ठरवू, असं कप्तानांनी विचारल्यावर ती लगेच म्हणाली, सव्वाचार.

पहिला होता अकरा नंबर. म्हातारा, बहिरा, मठ्ठ. पहिल्याच दुपारी टेकला आणि घोरायला लागला. तीन आठवड्यांत एका रिटायर्ड ड्रॉइंग मास्तरांनी त्याला नेलं. आत्याने त्याचं पांघरूण धुऊन वाळत घातलं. वाईट वाटलं का, असं मी फोनवर विचारलं, तर म्हणाली, काय माहीत.

मग सतरा आली.

तांबूस रंगाची कुत्री. एक कान फाटलेला. बंद पडलेल्या एका गोदामात बांधलेली सापडली होती. किती दिवस ते कुणालाच माहीत नाही. बरोबर मेलेली दुसरी कुत्री होती, एवढं कप्तानांनी सांगितलं आणि त्या वेळी त्यांनी दुसरीकडे बघितलं.

रविवारी आली. आली ती थेट टेबलाखाली, भिंतीच्या कोपऱ्यात.

त्या दिवशी आत्या सव्वाचारला बसली. चटई टाकून, खिडकीजवळ, त्या चार डागांच्या मधोमध. सतराकडे पाठ. मांडीवर ट्रे, हातात बारका स्क्रूड्रायव्हर. अर्ध्या तासात काही झालं नाही. सोमवारीही झालं नाही.

मंगळवारी...

मंगळवारी पहिल्यांदा खोली गप्प झाली. आत्या म्हणते, आवाज बंद झाले असं नाही. खाली पाणी पडतच होतं. पण मागे जो श्वास इतका वेळ ऐकू येत होता, सतराचा भरभर चालणारा श्वास, तो थांबला.

मग पाठीला ऊब लागली.

मग वजन.

नखांचा आवाज आला नाही. कुत्रं फरशीवरून चालताना टिकटिक होते, अकराची यायची. ही आली नाही. आत्याला ते तेव्हा खटकलं नाही. पाय हलके टाकत असेल, असं तिने धरलं. वीस मिनिटं ती हलली नाही. वजन उतरलं. तिने दहा आकडे मोजले आणि वळली.

सतरा टेबलाखालीच होती. तोंड भिंतीकडे. थरथरत होती आणि खाली ओलं झालं होतं.

आत्याने फरशी पुसली. वहीत लिहिलं, 'तिसरा दिवस. पाठीला टेकली.'

त्या संध्याकाळपासून सतराने खाणं सोडलं.

बुधवारीही तसंच. गुरुवारी आत्याने टेबल हलवलं. कोपऱ्यात ओल आली होती, तिथे पुसायचं होतं. सतरा सरपटत खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेली आणि कपाटाखाली शिरली. कपाट खिडकीच्या बाजूला. म्हणजे आत्या रोजच्या जागी बसल्यावर सतरा तिच्या समोर येत होती. नियमाप्रमाणे आत्याने जागा बदलायला हवी होती. पण सव्वाचार झाले होते, आणि तिला ती जागा सोडवेना.

ती बसली. नजर ट्रेमध्ये ठेवली. कपाटाखाली सतराचे दोन डोळे आहेत, एवढं तिला कळत होतं.

तिने एक स्क्रू आवळला. दुसरा घेतला.

मागून ऊब लागली...

मग वजन.

आत्याचे हात थांबले. तिने नजर वर केली. सतरा समोर होती, कपाटाखाली. पुढचे पाय, फाटका कान, सगळं दिसत होतं. ती बघत होती, पण आत्याकडे नाही.

तिच्या डाव्या खांद्याच्या वर बघत होती. बसलेल्या माणसाचं डोकं जिथे येतं तिथे.

आत्याने मला हे सांगितलं तेव्हा मी विचारलं, तू ओरडली नाहीस? ती म्हणाली, कशाला? ते वजन डावीकडे कललेलं होतं. तिचा खांदा दुखायला लागला होता, बरोबर जिथे सहा वर्षं दुखायचा तिथे. आठ महिन्यांत पहिल्यांदा तिला काहीतरी होत होतं. दुखत होतं, आणि तिला त्याचा आनंद झाला. तिने हे असंच सांगितलं, काही न लपवता.

ती वळली नाही. पुन्हा स्क्रू आवळायला लागली. आणि हळू आवाजात, जन्मात पहिल्यांदा, बोलायला लागली. दुकानातल्या गोष्टी सांगितल्या. शेजारणीचं भांडण सांगितलं. अकरा कसा घोरायचा ते सांगितलं.

ती वाट बघत होती टक-टकची. ती आली नाही. वीस मिनिटांनी वजन नुसतं उतरलं.

वहीत तिने लिहिलं, 'पाठीला टेकली.'

शुक्रवारीही तेच लिहिलं. शनिवारीही.

रविवारी कप्तान वजनकाटा घेऊन आल्या. सतराला उचलायला दोघींची गरज लागली नाही, एवढी ती हलकी झाली होती. आठवड्यात अडीच किलो कमी. कप्तानांनी वही चाळली. दोनदा चाळली.

"पाठीला टेकणारं कुत्रं उपाशी राहत नाही," त्या म्हणाल्या. "टेकलं म्हणजे त्याने जगायचं ठरवलं. हे मी वीस वर्षं बघतेय. मग ही का खात नाही?"

आत्याने ताकास तूर लागू दिली नाही. माहीत नाही म्हणाली.

कप्तानांनी स्पष्ट सांगितलं. बुधवारपर्यंत हिने खाल्लं नाही तर मला परत न्यावं लागेल. संस्थेत साथ आली आहे, तीन कुत्री गेली. या अंगाने ही तिथे आठवडाभर टिकणार नाही. दुसरं घर माझ्याकडे नाही. एवढं बोलून त्या जिना उतरल्या आणि खाली जाऊन बराच वेळ गाडीत नुसत्या बसून राहिल्या. आत्याला ते वरून दिसत होतं.

सोमवारी आत्याने चटई दुसऱ्या खोलीत टाकून पाहिली. तिथे कुणी आलं नाही. सव्वाचारला बाहेरच्या खोलीतून सतराच्या दातांचा आवाज आला. कुडकुडल्यासारखा. ती जाऊन बघते तर सतरा कपाटाखाली पार मागे सरकलेली आणि नजर खिडकीजवळच्या रिकाम्या जागेवर.

त्या रात्री आत्याने मला फोन केला. उद्या दुपारी ये, एवढंच म्हणाली. ती कधी कुणाला ये म्हणत नाही. मी ऑफिसातून अर्धी रजा टाकली.

खरं सांगायचं तर मोठी आत्या आजारी असताना मी वर्षाकाठी दोनदा जायचे. दारातून हात हलवायचे, कामं आहेत म्हणायचे आणि निघायचे. ते घर मला सोसायचं नाही.

मंगळवारी चारला पोचले. आत्याने मला दाराजवळ स्टुलावर बसवलं. "काही झालं तरी बोलू नकोस," ती म्हणाली, आणि चटई टाकून बसली. माझ्याकडे तिची पाठ. राखाडी स्वेटर घातला होता. समोर कपाटाखाली सतरा. फासळ्या मोजता येत होत्या.

खाली कुणीतरी गाडी धुवायला घेतली होती.

सव्वाचार झाले.

मला काही दिसलं नाही. हे नीट लिहिते, कारण लोक नंतर काहीबाही जोडतात. मला कुणीही दिसलं नाही.

मला फक्त स्वेटर दिसला.

तो पाठीवर सैल होता, त्याला चुण्या होत्या. त्या चुण्या गेल्या... हळूहळू, खालून वर. स्वेटर पाठीवर चपटा झाला, काचेला कापड दाबावं तसा. आत्याचा डावा खांदा खाली गेला. तिने पाय किंचित फाकवून जोर घेतला. सवय असलेल्या माणसासारखा.

मी स्टुलाची कड दोन्ही हातांनी धरली.

आत्या बोलायला लागली. मला वाटलं माझ्याशी बोलतेय.

"मी सगळ्यांना सांगितलं, ताई झोपेत गेली म्हणून," ती म्हणाली. "झोपेत नाही गेली. माझ्या पाठीवर गेली. मला कळलं होतं. श्वास थांबलेला पाठीला कळतो. मी वळले नाही. म्हटलं, ती अजून टक-टक करेल. ती करेल मग मी वळेन. पस्तीस मिनिटं बसले. हातातला चष्मा पूर्ण केला, दुसरा केला. वळले असते तर ती गेलेली असती. नाही वळले तोवर ती टेकून बसलेली होती."

तिचा आवाज सपाट होता. किराणा सांगावा तसा.

कपाटाखाली सतराने डोकं जमिनीवर टेकलं. डोळे मिटले. मला वाटलं, गेली.

आत्यालाही तसंच वाटलं असावं. तिने ट्रे बाजूला ठेवला.

"ताई," ती म्हणाली, "हे पोर उपाशी मरतंय गं."

आणि वळली.

तिने उशा घेतल्या नव्हत्या. हात मागे नेले नव्हते. सहा वर्षांत जी चूक तिने एकदाही केली नाही, ती त्या दुपारी केली. ती इतकी वर्षं जिला सांभाळत आली, तिच्याखालचा आधार तिने नुसता काढून घेतला.

मागे कुणी नव्हतं. रिकामी फरशी. ऊन.

आणि मग...

धप्प.

माणूस पडल्याचा आवाज. आधी पाठ, मग डोकं. तो आवाज मी ऐकला. माझ्या स्टुलाला फरशीचा धक्का बसला. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी नंतर विचारलं, काय पडलं हो तुमच्याकडे?

आत्या गुडघ्यांवर बसून त्या फरशीकडे बघत होती. दोन्ही हात पुढे केलेले होते, कुणाला धरायला उशीर झाल्यासारखे. मी तिला हाक मारली. तिने ऐकलं नाही.

कपाटाखाली नखं वाजली.

सतरा बाहेर आली. पोट जमिनीला घासत, एकेक पाऊल. ती आत्याकडे गेली नाही, माझ्याकडेही आली नाही. त्या रिकाम्या फरशीकडे गेली आणि हुंगायला लागली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सावकाश, माणसाच्या लांबीएवढं. मग परत डोक्याच्या टोकाशी आली. तिथे फरशी चाटली. आणि तिथेच लांब होऊन पडली, काहीतरी अंगाला लावून घेतल्यासारखी. तिच्या एका कुशीचे केस दबलेले होते.

ती आता थरथरत नव्हती. इतके दिवस कशाला भ्यायली आणि त्या क्षणी का भ्यायली नाही, हे मला अजून कळलेलं नाही. गोदामातली ती दुसरी कुत्री माझ्या मनात येते. मी तो विचार पुढे नेत नाही.

आत्या उठली. आतून दोन उशा आणल्या. त्या उशा आठ महिने कपाटात तशाच होत्या. तिने त्या खिडकीखाली भिंतीला उभ्या लावल्या, थोड्या डावीकडे. मग वाकली, हवेत दोन्ही हात घातले आणि कुणाला तरी उचलून बसवावं तसं बसवलं. तिच्या मानेच्या शिरा ताणल्या होत्या. नाटक करणाऱ्याच्या शिरा अशा ताणत नाहीत.

उशी मध्यभागी खोल गेली.

सतरा सरकून बसली, जागा करून दिल्यासारखी.

खाली पाणी बंद झालं होतं. किती वेळ गेला ते मी घड्याळात पाहिलं नाही. मग भिंतीतून आवाज आला.

टक... टक.

आत्या जागीच खाली बसली आणि रडली. आठ महिन्यांचं सगळं रडली. मी तिला धरून बसले. तिचा डावा खांदा दगडासारखा झाला होता.

संध्याकाळी सतराने वाटी चाटून पुसून साफ केली आणि आणखी मागितलं. आत्याने वहीत लिहिलं, 'दहावा दिवस. जेवली.' मग मागची पानं उलटून 'पाठीला टेकली' या प्रत्येक ओळीवर तिने एक बारीक रेघ मारली.

दीड महिन्याने सतराला घर मिळालं. शिलाई मशीन दुरुस्त करणारं जोडपं आहे, दुकानाच्या मागेच राहतात. आता तिचं पोट सुटलंय. फोटो येतात.

आत्या अजून फॉस्टर करते. परवापर्यंत एकतीस नंबर होता. पण कुत्र्यांकडे पाठ करून बसायचं काम ती आता स्वयंपाकघरात करते. बाहेरच्या खोलीत, खिडकीखाली, रोज चारला दोन उशा लावते आणि दार ओढून घेते. पावणेपाचला उशा उचलते. खड्डा असतो, डावीकडे. ती हाताने थापटून सारखा करते.

तिला बरं वाटतं का? मी विचारलं होतं. म्हणाली, वाईट वाटतं. आणि ते सांगताना हसली.

हल्ली मंगळवारी दुकानात डोळ्यांचे डॉक्टर येतात, तिला संध्याकाळपर्यंत थांबावं लागतं. म्हणून मंगळवारी उशा लावायचं काम माझ्याकडे आहे. माझं ऑफिस जवळ आहे. चारला जाते, उशा लावते, मागे न बघता दार ओढते आणि परत येते. आत्याने मला सगळी पद्धत करून दाखवली होती. हात मागे कसे न्यायचे, खांदे कुठे धरायचे. मला कशाला, असं मी म्हटलं होतं. असू दे, असं ती म्हणाली.

मागच्या महिन्यात एका मंगळवारी मी विसरले.

मीटिंग लांबली, मग कुणीतरी कागद आणून दिले. मी माझ्या टेबलाशी बसले होते. आमच्याकडे उंच स्टुलं आहेत, त्यांना पाठ नसते. आजूबाजूला दहा माणसं, फोन वाजताहेत, प्रिंटर चालू.

माझ्या पाठीला ऊब लागली...

मला वाटलं कुणीतरी मागे येऊन उभं राहिलं. मग वजन आलं. डावीकडे कललेलं. मी घड्याळ बघितलं. बघायची गरज नव्हती.

उशा तीन गल्ल्या पलीकडे, बंद कपाटात होत्या.

मी वळले नाही. शेजारच्या टेबलावरची मुलगी चहाला चल म्हणाली, तू हो पुढे, असं मी म्हटलं. साहेबांनी हाक मारली, मी बसूनच उत्तर दिलं. खांद्यातून कळ मानेत गेली. मला आठवलं, दारातून हात हलवून मी किती वेळा निघून गेले होते. त्या दिवशी मला कुठे जाता येत नव्हतं.

पस्तीस मिनिटांनी, माझ्या स्टुलाच्या लोखंडी पायावर...

टक... टक.

पुरे. आता आडवं कर.

मी पेन खाली ठेवलं. दोन्ही हात मागे नेले, आत्याने दाखवले तसे. ऑफिसातल्या मुलीने मला विचारलं, पाठ आखडली का? मी हो म्हटलं.

हातांना काय लागलं, ते मी कुणालाही सांगितलेलं नाही. आत्यालाही नाही.

आता मंगळवारी मी फोनमध्ये दोन गजर लावते.